दाब धरणारं चामडं

३० एप्रिल १७९५ रोजी लंडनच्या जोसेफ ब्रामा यांना पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट मिळालं. त्यामागचं तत्त्व नवं नव्हतं. बंदिस्त द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो, हे फ्रान्सच्या ब्लेझ पास्कालनं जवळजवळ दीडशे वर्षं आधी मांडून ठेवलं होतं. ब्रामांनी त्याचं यंत्र केलं. लहानशा पंपानं पाणी मोठ्या सिलिंडरमध्ये ढकलायचं. मोठा दट्ट्या पंपाच्या दट्ट्यापेक्षा व्यासानं बारा पट असेल, तर जोर १४४ पट मिळतो. एकटा माणूस दांडा हलवून टनावारी वजन उचलेल असा हा हिशेब होता आणि त्यात काहीही चूक नव्हती. गाडं अडलं ते दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यामधल्या फटीत.

फट ठेवावीच लागते, नाहीतर दट्ट्या हलणार कसा? आणि फट ठेवली की पाणी तिथूनच वाट काढतं. त्या काळातला उपाय म्हणजे ग्लँड: दट्ट्याभोवती दोरी ठासून भरायची आणि वरून कडं आवळून ती दाबून ठेवायची. ब्रामांच्या प्रेसमध्ये दाब इतका प्रचंड की दोरी नेहमीसारखी आवळली तर पाणी फवाऱ्यासारखं उडे. पाणी थांबेपर्यंत आवळली, तर ती दट्ट्यालाच असं करकचून धरे, की दाब काढल्यावरही दट्ट्या खाली यायला तयार नसे. जे यंत्र वर जातं पण परत येत नाही, त्याला गिऱ्हाईक कुठून मिळणार?

यांत्रिकीच्या इतिहासात सिलिंडर, इंजिन आणि त्यांच्या निर्मात्यांची नावं ठळक अक्षरांत लिहिली जातात. दट्ट्याच्या कडेला बसणाऱ्या सीलचा उल्लेख क्वचितच येतो. पण कुठलं यंत्र कागदावरून जमिनीवर उतरलं आणि कुठलं तिथेच राहिलं, याचा निकाल पुष्कळदा या सीलनंच लावला आहे.

वाफेच्या इंजिनाचंच पाहा. थॉमस न्यूकमेननं १७१२ मध्ये इंग्लंडच्या डडली भागात खाणीतलं पाणी उपसायला इंजिन उभं केलं, तेव्हा त्याच्या सिलिंडरची आतली बाजू अचूक गोल नव्हती. तशी ती करण्याची यंत्रंच नव्हती. न्यूकमेननं दट्ट्यावर चामड्याची चकती बसवली आणि तिच्यावर सतत पाण्याचा थर राहील अशी सोय केली. चामडं जिथे कमी पडे तिथे पाणी फट बुजवी, आणि हवा आत शिरत नसे. युक्ती साधी होती, पण तिनं अर्धशतकाहून जास्त काळ खाणी कोरड्या ठेवल्या.

जेम्स वॉटला मात्र ती वापरता येईना. सिलिंडर कायम गरम ठेवायचा, म्हणजे कोळसा वाचेल, हे त्याच्या शोधाचं मर्म. दट्ट्यावर थंड पाणी ठेवलं तर सिलिंडर गार पडून सगळा फायदाच जाणार. म्हणून स्कॉटलंडमध्ये किनील इथे पहिलं मोठं इंजिन बनवताना वॉटनं जे हाताला लागेल ते फटीत भरून पाहिलं: बुचाचं लाकूड, तेलात भिजवलेल्या चिंध्या, कागदाचा लगदा, जुन्या टोप्यांचं नमदं, इतकंच काय, घोड्याची लीदसुद्धा. काहीही धड टिकलं नाही. ही कोंडी शेवटी सिलिंडरच्या बाजूनं फुटली. तोफांच्या नळ्या कोरण्यासाठी जॉन विल्किन्सननं १७७४ मध्ये नव्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. त्याच धाटणीच्या यंत्रावर त्यानं वॉटसाठी सिलिंडर कोरून दिले. भिंत एकसारखी झाल्यावर चरबीत भिजवलेली हेम्पची दोरी पुरेशी ठरली, आणि १७७६ मध्ये वॉटची इंजिनं प्रत्यक्ष कामाला लागली.

पण वॉटच्या इंजिनातला दाब वातावरणाच्या दाबाइतकाच, फार तर थोडा जास्त. ब्रामांचा दाब त्याच्या कित्येक पट होता, तिथे दोरी चालणार नव्हती.

ब्रामांच्या कारखान्यात तेव्हा हेन्री मॉडस्ली नावाचा तरुण कारागीर होता. वुलिचच्या शस्त्रागारात लहानपणापासून काम करत तो शिकला आणि १७८९ मध्ये, अठराव्या वर्षी, ब्रामांकडे आला. ब्रामांची कुलुपं तेव्हा गाजत होती आणि त्यांचे बारीक भाग बिनचूक घडवणारी यंत्रं मॉडस्ली तयार करत होता. प्रेसची अडचण त्यानंच सोडवली, असं जेम्स नॅस्मिथ यांनी पुढे सांगितलं. नॅस्मिथ मॉडस्लीच्या अखेरच्या वर्षांत त्याचे साहाय्यक होते, त्यामुळे त्यांची साक्ष ऐकीव असली तरी जवळच्या माणसाची आहे. बोल्टनचे इंजिनिअर बेंजामिन हिक यांनाही या शोधाचं श्रेय दिलं जातं. श्रेय कुणाचंही असो, उत्तर विलक्षण होतं.

सिलिंडरच्या तोंडाशी आतून एक खाच होती आणि तिच्यात चामड्याचं कडं बसवलेलं होतं. हे कडं सपाट नव्हतं. त्याचा काप घेतला तर इंग्रजी यू अक्षरासारखा दिसेल: दोन पातळ कडा आणि मध्ये पोकळी, पोकळीचं तोंड पाण्याच्या बाजूला. पंप मारला की पाणी त्या पोकळीत शिरतं आणि एक कड दट्ट्यावर, दुसरी खाचेच्या भिंतीवर दाबून धरतं. दाब वाढेल तसतशी पकड घट्ट होते, कारण पकड देणारा दाबच आहे. पाणी सोडून दिलं की कडा सैल पडतात आणि दट्ट्या आपल्या वजनानं खाली येतो. बाहेरून काहीही आवळावं लागत नाही. आधीची सगळी धडपड दाबाला अडवण्याची होती. इथे गळती घडवू पाहणाऱ्या पाण्यालाच गळती थांबवण्याच्या कामाला जुंपलं होतं. गेल्या सव्वादोनशे वर्षांत साहित्य बदललं, आकार बदलले, पण दाब धरणाऱ्या सीलमागची ही कल्पना आजही तीच आहे.

असं कडं बनवणं हे चांगल्या कारागिराचं काम असे. जनावराच्या पाठीचं, एकसारख्या जाडीचं, झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं निवडायचं. कोमट पाण्यात भिजवून मऊ करायचं. मग धातूच्या साच्यात हळूहळू दाबत न्यायचं, कारण घाई केली तर वळणावर चामडं फाटतं. साच्यातच ते वाळू द्यायचं, मधला भाग कापून काढायचा, कडा तासून पातळ करायच्या आणि शेवटी चरबी किंवा मेण पाजायचं. कड जाड राहिली तर हलक्या दाबाला ती भिंतीवर टेकतच नाही, फार पातळ झाली तर दुमडते. कारखान्यांमध्ये या कामाचे साचे जपून ठेवले जात.

मॉडस्लीनं १७९७ मध्ये नोकरी सोडली. आठवड्याच्या तीस शिलिंगांवर त्याला वाढ हवी होती, ती नाकारली गेली. नंतर त्यानं स्वतःचा कारखाना काढला आणि आधुनिक लेथच्या जनकांत त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. ब्रामांचा प्रेस मात्र आता चालू लागला. गवताचे आणि कापसाचे गठ्ठे बांधायला, साखळ्यांची ताकद तपासायला, झाडं मुळासकट उपटायलाही तो वापरला गेला. १८१४ च्या थंडीत हॅम्पशरच्या होल्ट जंगलात असंच झाडं उपटण्याचं काम स्वतः उभं राहून पाहताना ब्रामांना सर्दी भरली आणि त्या आजारातच ते गेले.

पुढच्या पिढीनं हा प्रेस किती ताणला, याचं मोठं उदाहरण वेल्समधला ब्रिटानिया पूल. रॉबर्ट स्टीफन्सननं १८४९ मध्ये रेल्वेसाठी लोखंडी पत्र्यांच्या प्रचंड नळ्या तरंगवत खांबांपाशी आणल्या आणि हायड्रॉलिक प्रेसनं इंचाइंचानं वर चढवल्या. एकेका लांब नळीचं वजन दीड हजार टनांच्या वर. ऑगस्टमध्ये काम चालू असताना एका प्रेसच्या ओतीव लोखंडाच्या सिलिंडरचा तळच फुटून खाली पडला. नळी जितकी वर जाईल तितकं लगेच खालून बांधकाम भरत जायचं, असा स्टीफन्सनचा सक्त हुकूम होता, म्हणून ती काही इंचच खाली आली आणि पूल वाचला. अर्ध्या शतकात सगळ्यात नाजूक दुवा चामड्याच्या कडेकडून लोखंडाकडे सरकला होता.

प्रेसचा आपल्याकडचा वावर कापसापासून सुरू झाला. जहाजाचं भाडं गाठीनं किती जागा अडवली यावर ठरे. तोच कापूस जितका घट्ट दाबाल तितका जहाजात जास्त मावतो. मुंबईत १८४४ मध्ये कापसाचा बाजार कोटातून कुलाब्याला हलला, आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आधी माणसांनी फिरवायचे स्क्रू-प्रेस असत. वऱ्हाडातून कापूस अर्धवट दाबलेल्या गाठींत निघे आणि बंदरावर पुन्हा दाबला जाई. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा पोचला, त्याचं उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड मेयोनं केलं. वाफ आणि रेल्वे हाताशी आल्यावर पक्क्या गाठी बाजारपेठेतच बांधता येऊ लागल्या. अकोला, अमरावती, खामगाव, हिंगणघाट या गावांचं रूप जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांनी बदललं. ३९२ पौंडांची गाठ हे मुंबईच्या व्यापाराचं माप ठरलं. आज ते १७० किलो आहे. हायड्रॉलिक प्रेस आले तसं त्यांच्या पंपाची आणि दट्ट्याची चामडी बदलणं हंगामाआधीच्या तयारीचा भाग झालं. हंगाम ऐन भरात असताना चामडं गेलं, तर बाहेर बैलगाड्यांची रांग लागणार हे ठरलेलंच.

कारखान्याबाहेरही हे चामडं पोचलं आणि तिथे ते पाण्याऐवजी हवा धरू लागलं. सायकलचा हातपंप आणि रॉकेलचा स्टो, या दोन वस्तूंनी ते घरोघर नेलं. स्वीडनच्या फ्रान्स लिंडक्विस्टनं १८९२ च्या सुमारास प्रायमस स्टो बाजारात आणला आणि पुढची ऐंशी-नव्वद वर्षं मराठी स्वयंपाकघरात स्टोचा भर्रर्र आवाज घुमला. त्याच्या टाकीच्या कुशीत पितळी नळी आणि नळीत दांडा. दांड्याच्या टोकाला नखाएवढ्या चामड्याची वाटी, मागून लहान नटनं घट्ट केलेली. वाटीचं तोंड टाकीच्या बाजूला. दांडा आत ढकलला की हवा वाटीत भरून तिची कड नळीवर दाबते आणि पुढे जायला टाकीशिवाय दुसरी वाट राहत नाही. दांडा मागे ओढला की कड आत मुडपते आणि मागची हवा तिच्या बाजूनं पुढे येते. म्हणजे सीलही तेच आणि झडपही तीच. पंप हाताला हलका लागू लागला, मारूनही टाकीत हवा भरेना, की घरातल्या कुणीतरी दांडा बाहेर काढून पाही. वॉशर सुकून कडक झालेलं असे. त्यावर दोन थेंब खोबरेल सोडायचं, बोटानं कडा हलकेच बाहेर फाकवायच्या आणि नळीत घालताना कड उलटी दुमडू नये म्हणून दांडा फिरवत फिरवत आत सारायचा. ब्रामांच्या कारखान्यातलं तत्त्व लाखो घरांतल्या बायकामाणसांना असं हातानं ठाऊक होतं.

चामड्याला पहिला मोठा धक्का मोटारीनं दिला. माल्कम लॉकहीडनं अमेरिकेत १९१७ मध्ये चारही चाकांच्या हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यात चामड्याच्याच वाट्या होत्या. त्या आकसत, गळत आणि ब्रेक सुटे. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी १९२४ च्या गाडीसाठी त्यांच्या जागी रबराच्या वाट्या बसवल्या. रबर लवचीक, पण त्याचं एक पथ्य आहे: खनिज तेल लागलं की नैसर्गिक रबर फुगतं. म्हणून ब्रेकचं तेल वेगळं, सुरुवातीला तर ते एरंडेल आणि अल्कोहोल मिसळून केलेलं असे. ब्रेकच्या टाकीत चुकून इंजिन ऑइल पडलं की वॉशर फुगून ब्रेक जाम होतात, ही गॅरेजमधल्या पोरांना पहिल्याच आठवड्यात मिळणारी ताकीद तिथून चालत आलेली आहे.

मोठ्या यंत्रांत तोवर पाण्याच्या जागी खनिज तेल येत होतं. पाणी गोठतं, गंज चढवतं आणि वंगण देत नाही. तेलात हे दोष नाहीत. पण तेलात रबर टिकत नाही, म्हणून चामड्याचं आयुष्य लांबलं. १९३० च्या दशकात जर्मनीत तेलाला दाद न देणारं नायट्राइल रबर तयार झालं आणि ही अडचण सुटली.

त्याच दशकात अमेरिकेत नील्स क्रिस्टेन्सेन हा वयोवृद्ध डॅनिश इंजिनिअर सीलचा आकारच नव्यानं तपासत होता. आयुष्यभर त्यानं ट्रामच्या एअर ब्रेकवर काम केलं होतं. कडा, पोकळी, वाटी हे सगळं सोडून त्यानं रबराची साधी गोल कडी घेतली, दट्ट्यावर तिच्यासाठी खाच घेतली आणि खाचेची रुंदी कडीच्या जाडीच्या दीडपट ठेवली. त्या मोकळ्या जागेतच मर्म होतं. दाब आला की कडी खाचेच्या दुसऱ्या टोकाला सरकते, तिथे दबते आणि पसरून फट बुजवते. शिवाय मागेपुढे होताना ती थोडी मळली जाते आणि त्यानं रबर टिकतं, असं त्याचं म्हणणं होतं. १९३७ मध्ये त्यानं अर्ज केला तेव्हा तो ७२ वर्षांचा होता. पेटंट १९३९ मध्ये मिळालं. विमानांच्या हायड्रॉलिक सिलिंडरवर ही कडी उतरली आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर तिथल्या सरकारनं पेटंटचे हक्क घेऊन ती सगळ्या उत्पादकांना खुली केली. क्रिस्टेन्सेनला ७५,००० डॉलर मिळाले. तो १९५२ मध्ये वारला, आणि कुटुंबाला आणखी १,००,००० डॉलर मिळायला १९७१ साल उजाडलं. जगातल्या बहुतेक सगळ्या यंत्रांत ज्याची कडी बसली, त्या शोधाचा हा मोबदला फारच थोडा वाटतो.

आता जेसीबीच्या सिलिंडरचं सील किट उघडलं तर ओरिंग (म्हणजे क्रिस्टेन्सेनची गोल कडी), यू-सील, घाण पुसणारा वायपर, रॉडला आधार देणाऱ्या कड्या असा सगळा संसार निघतो, आणि त्यातली बरीच सीलं पॉलियुरेथेनची असतात. चामडं तिथून केव्हाच गेलं.

महाराष्ट्राच्या गावांत मात्र चामड्याची वाटी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही कामावर होती, आणि तिथे तिचा इतिहास वेगळ्याच वाटेनं गेला. १९६० च्या दशकातल्या अवर्षणांत आणि पुढे १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या. दाबाच्या हवेनं चालणाऱ्या हातोड्यांनी काळ्या पाषाणात खोल बोअर घेता येऊ लागले. बोअरवर बसवायला होते ते ओतीव लोखंडाचे परदेशी धाटणीचे हातपंप. एका कुटुंबानं दिवसातून काही बादल्या उपसाव्यात अशा बेतानं ते केलेले. गावात त्यांच्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत रांग. सांधे झिजत, दांडा वाकडा ओढला जाई आणि खाली सिलिंडरमधली चामड्याची वाटी एका बाजूनं घासून निघे. १९७० च्या दशकाच्या मध्यावर देशातले बहुसंख्य हातपंप बंद आढळले होते.

वाट दाखवली ती जालना आणि सोलापूरनं. जालन्याच्या मिशनच्या पाणीपुरवठ्याच्या कामातून पोलादी डोक्याचा ‘जालना पंप’ तयार झाला, त्यात सुधारणा होऊन सोलापूर वेल सर्व्हिसचा ‘सोलापूर पंप’ आला. अनेक सांध्यांऐवजी एकच मजबूत बेअरिंग आणि दांड्याच्या टोकाला साखळी, त्यामुळे खालचा रॉड नेहमी सरळ रेषेत वर येतो. रॉड सरळ आला की वाटी सगळीकडून सारखी झिजते. याच सोलापूर पंपावरून युनिसेफ, सरकारी संशोधक आणि रिचर्डसन अँड क्रडास कंपनीचा मद्रासचा कारखाना यांनी मिळून त्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क २’ घडवला. देशभर लाखो गाववस्त्यांवर बसलेला, लांब दांड्याचा तो पंप हाच.

त्याचं वरचं डोकं वर्षानुवर्षं टिके. खालच्या ६३.५ मिलिमीटर व्यासाच्या पितळी अस्तराच्या सिलिंडरमधल्या दोन चामड्याच्या वाट्या मात्र टिकत नसत. चामडं एका खेपेचं चांगलं, दुसऱ्या खेपेचं फुसकं. आणि वाटी बदलायची म्हणजे तीस-चाळीस मीटर खोलीवरचा सगळा पाइप एकेक करून उपसायचा. नुसत्या पाइपांचंच वजन शंभर किलोच्या घरात. त्यासाठी तालुक्याहून तिवई, चेन-पाने आणि माणसं घेऊन गाडी यावी लागे. हातभर दांडा हलवणाऱ्या गावाला काही रुपयांच्या वॉशरसाठी आठवडेच्या आठवडे लांबून पाणी आणावं लागे.

१९८३ पासून पाच वर्षं कोइमतूर जिल्ह्यात यावर प्रत्यक्ष गावांतच चाचण्या झाल्या. चामड्याच्या जागी नायट्राइल रबराच्या वाट्या घातल्या, त्या कितीतरी जास्त टिकल्या. त्यांचा दर्जाही एकसारखा राहिला. दुसरी सुधारणा तितकीच मोलाची होती. उभा पाइप ६५ मिलिमीटरचा केला, म्हणजे दट्ट्या त्यातूनच वर येईल. ‘मार्क ३’ या नव्या पंपात वॉशर बदलायला पाइप हलवावाच लागत नाही. रॉड ओढून दट्ट्या वर घ्यायचा, जुनी वाटी काढायची, नवी बसवायची आणि परत सोडायचा. ओझं कमी झाल्यावर हे काम कुणी करायचं हेही बदललं. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकात गावातल्या बायकांनी हातपंप दुरुस्तीचं शिक्षण घेतलं आणि आपापल्या भागातले पंप त्या स्वतः उघडून दुरुस्त करू लागल्या.

हे आराखडे कुणाच्या मालकीचे ठेवले नाहीत. युगांडानं मार्क २ आणि मार्क ३ आपल्या मानकांत यू-२ आणि यू-३ या नावांनी घेतले. आफ्रिकेसाठी मलावी आणि केनियात विकसित झालेला ‘आफ्रिदेव’ पंप भारतातल्या कारखान्यांतही तयार होऊ लागला. त्याच्या दट्ट्यावर एकच नायट्राइलचं सील असतं, यू आकाराचं, आणि ते गावातल्याच माणसाला मोजक्या अवजारांनी बदलता येतं.